मागच्या कोपऱ्यातील अकरा इंच

नागपूरहून येणाऱ्याला कोराडी गाव दिसण्याआधी विद्युत केंद्राची धुराडी दिसतात. 1974 साली येथील पहिला संच सुरू झाला आणि जगदंबेच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे हे तळ्याकाठचे गाव हळूहळू कामगारांचे गाव झाले. वसाहत वाढली तसा शिधा विकणाराही लागू लागला. इतवारीच्या धान्यबाजारात मुनिमी करणारे एक दिगंबर जैन कुटुंब याच लाटेबरोबर येथे आले, आधी भाड्याच्या खोलीत आणि पुढे स्वतःच्या भूखंडावर. शेजारचा भूखंड केंद्रात फिटर म्हणून लागलेल्या एका गृहस्थाने घेतला. दोन्ही तुकडे एकाच खसऱ्यातून पाडलेले होते आणि दोहोंच्या खरेदीखतांवर साक्षीदारही तेच होते. मध्ये मेंदीचे कुंपण होते. 1986 मध्ये मुनिमांनी ग्रामपंचायतीचा परवाना घेऊन उत्तरेच्या कडेने तीस फूट लांबीचे गोदाम बांधले, तेव्हा तेवढ्या भागातील मेंदी निघाली आणि तिच्या जागी गोदामाची भिंत आली. फिटर त्या वेळी स्वतः गवंड्याच्या हाताशी विटा देत होता, असे घरातील जुनी माणसे सांगतात.

मुनिमांच्या पुत्राला आता सारे गाव शेटजी म्हणते. त्यांनी सत्तरी ओलांडली असून दुकानाच्या गादीवर थोरला मुलगा बसतो. फिटर निवृत्त झाला आहे. त्याच्या मुलाचे कंत्राटी काम सुटले आणि 2025 च्या वैशाखात, शेटजींचे कुटुंब आठ दिवसांसाठी शिखरजीच्या यात्रेला गेले असताना, त्याने घर आणि गोदामाची भिंत यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात लोखंडी अँगल उभे करून वर पत्रे टाकले व वेल्डिंगचा कारखाना सुरू केला. यात्रेहून परतलेल्या मंडळींना गोदामात शिरताच भिंतीपलीकडून ठिणग्यांचा चरचराट ऐकू आला. पत्र्यांची कड गोदामाच्या भिंतीवर चांगली वीतभर आली होती आणि उतारही याच बाजूला होता.

शेटजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. पोटापाण्याचा उद्योग आहे, करू द्या, एवढेच त्यांनी मुलाला सांगितले.

मृगाचा पाऊस आला आणि प्रश्नाचे रूप पालटले. पत्र्याच्या पागोळ्या थेट भिंतीच्या माथ्यावर पडू लागल्या. आषाढ संपेतो आतल्या चुन्याचे पोपडे सुटले, ओल हातभर खाली उतरली आणि भिंतीकडच्या थप्पीतील हरभऱ्याच्या पोत्यांना कुबट वास येऊ लागला. धान्याचा व्यापार करणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. दाण्यात दमटपणा चढला की भुंगा लागतो, आणि एका पोत्यात लागलेला भुंगा पंधरवड्यात सारी थप्पी पोखरतो. बाजारात यावर सोपा उपाय आहे. गोदाम बंद करून ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी दिली की सारे किडे मरतात. या गोदामात मुनिमांच्या काळापासून ती कधी दिली गेली नव्हती. माल कोरडा ठेवणे, वेळोवेळी उन्हात घालणे, कडुलिंबाचा पाला पसरणे आणि फार काळ साठा न करणे, एवढ्यावरच तीन पिढ्यांचा व्यवहार चालला होता. नफा त्यामुळे थोडा कमी होई. तो कमी होतो हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते.

तेव्हा, शेजाऱ्याचे चालू द्यावे ही शेटजींची पहिली भूमिका दिसते तितकी निर्दोष राहिली नाही. पलीकडच्या माणसाला दुखवायचे नाही म्हणून गप्प बसावे, तर अलीकडच्या पोत्यांत जीवोत्पत्ती होणार आणि मग एकतर तिचा संहार करावा लागणार किंवा किडका माल डोळे मिटून कुणाच्या तरी गळ्यात घालावा लागणार. मुलाने हेच वडिलांपुढे मांडले. तो म्हणाला, “बाबा, तक्रार करायचा कंटाळा येतो म्हणून आपण गप्प आहोत. त्याला क्षमा म्हणू नका.” या वाक्याला शेटजींजवळ उत्तर नव्हते.

मुलाच्या मनात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे अर्ज करायचे होते. शहराभोवतीच्या गावांतील बांधकामांवर या प्राधिकरणाचा अधिकार चालतो. पूर्वी ग्रामपंचायतीने दिलेल्या कागदावर लोक घरे बांधीत. आता नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे भूखंडाच्या कडेने सामासिक अंतर मोकळे सोडावे लागते. फिटरच्या मुलाने काहीच मंजूर करून घेतले नव्हते. ग्रामपंचायतीची कराची पावती आपल्याकडे आहे, असे तो सर्वांना सांगे. हा समज केवळ त्याचा नाही. कर भरला म्हणजे बांधकाम नियमित झाले, असे मानणारी घरे व्यापाऱ्यांतही पुष्कळ आहेत. कर हा इमारत आहे म्हणून आकारला जातो. ती असावी की नाही, याचा निर्णय त्या पावतीत नसतो.

या ठिकाणी दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते आणि दोघेही पक्ष त्यांची गल्लत करीत होते. शेड कोणाच्या जमिनीवर आहे, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीतून मिळते आणि तरीही वाद उरला तर दिवाणी न्यायालयातून. शेडला परवानगी आहे काय, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर त्याच 1966 सालच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आहे आणि ते नियोजन प्राधिकरणाने द्यायचे असते. स्वतःच्या जमिनीवरचे बांधकामही अनधिकृत असू शकते, आणि मंजूर नकाशाप्रमाणे बांधणाराही चुकून दुसऱ्याच्या जमिनीत शिरलेला असू शकतो. मुलगा ‘अतिक्रमण’ आणि ‘अनधिकृत’ हे शब्द एकाच अर्थाने वापरीत होता. शेटजींनी वकिलाकडून एवढा भेद समजून घेतला आणि ठरवले, की आधी मोजणी करायची व तक्रारीचे पुढे पाहायचे.

तक्रारीविषयी त्यांचे मन मागे घेत होते, त्याला आणखी एक कारण होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या विलेपार्ले पूर्वेतील पार्श्वनाथ दिगंबर जैन मंदिर महापालिकेने अनधिकृत बांधकाम म्हणून पाडले होते. 16 एप्रिलला यंत्रे चालली, आणि 19 तारखेला हजारोंनी रस्त्यावर येऊन निषेध केला. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत थोडे थांबता आले नसते काय, हा प्रश्न तेव्हा घरोघर विचारला गेला. कोराडीच्या या घरातही त्या रात्री चूल पेटली नव्हती. शेटजींच्या पत्नींनी आता तेच मुलाला आठवून दिले. यंत्र आपल्या दारी आले की ‘जरा थांबा’ म्हणायचे आणि शेजाऱ्याच्या दारी पाठवताना मात्र घाई करायची, हे त्यांना पटत नव्हते. मुलानेही आपली बाजू सोडली नाही. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या शास्त्रीनगरातील प्रकरणात निकाल दिला होता. तेथे राहण्याच्या भूखंडावर दुकाने उठली होती आणि वर्षानुवर्षे चालू होती. काळ लोटला, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले किंवा पैसा गुंतला, म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुलाने तो निकाल वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि त्यामुळेच घरातील जेवणे काही दिवस अबोल झाली.

मोजणीचा अर्ज कामठीच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात गेला. वाढीव शुल्क भरल्याने तारीख लवकर मिळाली. अशा मोजणीची सूचना लगतच्या भूधारकांना पाठवावी लागते, म्हणजे त्यांना हजर राहून आपले म्हणणे सांगता येते. कायद्याच्या दृष्टीने हा शेजाऱ्याचा मान आहे. शासकीय पाकीट हाती पडलेल्याला तो तसा वाटत नाही. फिटरच्या घरी टपालवाल्याने सही घेऊन ते पाकीट दिले आणि संध्याकाळी फिटर शेटजींच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. बसा म्हटले तरी बसला नाही.

“काहून जी शेटजी, नोटीस धाडली? चाळीस वर्सं झाले, मले आवाज देल्ला असता तं मी आलो नसतो का?”

शेटजींनी समजावले, की ही नोटीस भांडणाची नाही, मोजणीची आहे. नियमच तसा आहे. फिटर म्हणाला, “नियम मले समजते. पन आधी तोंडानं सांगाले पायजे होतं.” आणि तो निघून गेला. ओट्यावर चहाचा पेला तसाच राहिला.

ही चूक शेटजींची होती, आणि ती त्यांनी घरात कबूल केली. वैशाखापासून आषाढापर्यंत त्यांनी एकदाही पलीकडे जाऊन ‘पत्र्याचे पाणी भिंतीवर पडते आहे’ हे साधे वाक्य उच्चारले नव्हते. मुलगा रागाने गेला नाही आणि वडील भिडेने. हद्दीचे तंटे असेच वाढतात. पहिले दोन महिने कोणीच काही बोलत नाही, आणि मग पहिला शब्द कार्यालयाच्या शिक्क्यासह जातो.

पोळ्याच्या दोन दिवस आधी पावसाने उघडीप दिली आणि भूमापक आले. पूर्वीच्या मोजणीत लाकडी फळी आणि साखळी असे. आता काठीवर बसवलेले रोव्हर यंत्र आकाशातील उपग्रहांशी बोलते आणि हातातल्या पडद्यावर आकडे उमटतात. भूमापकांनी अभिन्यासाच्या रस्त्याकडील जुना दगड शोधला, तिथून दोन्ही भूखंडांच्या पुढच्या खुणा निश्चित केल्या. पुढच्या बाजूला गोदामाची भिंत रेषेला बरोबर लागून होती. फिटरच्या मुलाने तेवढे पाहिले, आपले अँगल आपल्याच जमिनीत आहेत याची खात्री करून घेतली आणि ‘झालं ना आता’ म्हणून तो कारखान्यात परत गेला. फिटर तर घराबाहेरच आला नव्हता. भूमापक मागच्या कोपऱ्याकडे वळले तेव्हा तेथे शेटजी, त्यांचा मुलगा आणि चिखलात भिजलेला एक हमाल, एवढेच होते.

महिनाभराने येणारी नकाशाची क प्रत यावेळी आठ दिवसांत आली. नकाशात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. समोरून निघालेल्या दोन्ही रेषा एकच होत्या. मागे जाता जाता त्या फाकत गेल्या होत्या. शेड पूर्णपणे फिटरच्या भूखंडात होते. फक्त पत्र्याची कड भिंतीवर आली होती. आणि गोदामाची भिंत मागच्या कोपऱ्यात हद्दीच्या पलीकडे, फिटरच्या जमिनीत, अकरा इंच शिरली होती. तीस फूट लांब आणि टोकाला अकरा इंच रुंद असा तो त्रिकोण; क्षेत्रफळ चौदा चौरस फुटांच्या आत. 1986 साली गवंड्याची दोरी थोडी तिरकी लागली असावी. त्या दिवशी विटा हातात देणाऱ्याच्याच जमिनीवर त्या विटा रचल्या गेल्या होत्या.

मुलाने नकाशा दोनदा पाहिला आणि घडी घालून कपाटात ठेवला. त्याचे म्हणणे रास्त होते. लहान प्रमाणाच्या नकाशावर अकरा इंच म्हणजे पेन्सिलीच्या रेघेची जाडी; मूळ अभिन्यास आखताना तरी कोण इतके काटेकोर होते? शिवाय बारा वर्षे उघडपणे ताबा राहिला की मूळ मालकाला जमिनीसाठी दावा लावता येत नाही, असे 1963 चा मुदत अधिनियम सांगतो. इथे तर एकोणचाळीस वर्षे झाली. न्यायालयातही तो कोपरा आपलाच ठरेल. उलट, पत्र्याचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर सोडण्याचा हक्क मिळायला वीस वर्षांची अखंड वहिवाट लागते, आणि फिटरच्या मुलाचे चार महिनेही झालेले नाहीत. कायदा दोन्हीकडून आपल्या बाजूने असताना शेजाऱ्याच्या हाती नसते शस्त्र कशाला द्यायचे? त्यात गोदाम पाडून मोठे बांधायचा विचार चालू होता आणि कर्जासाठी बँकेला वादरहित हद्दीचे कागद हवे होते.

शेटजी म्हणाले, दशलक्षण पर्व संपू दे, मग बोलू.

पर्वाच्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो, आणि व्रतांचा सारा विचार त्यातच आहे. इतवारीच्या मंदिरात हा पाठ शेटजींनी पन्नास वर्षे ऐकला होता; अतिचारांची नावे त्यांना उताण्याला पाठ होती. त्या दिवशी ती नावे प्रथमच त्यांना गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात उभी असल्यासारखी दिसली. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत चोराला प्रवृत्त करणे आणि चोरीचा माल घेणे येते, तसेच हीनाधिकमानोन्मान येते, म्हणजे मापात कमीजास्त करणे. व्यापारी घरांत या शब्दाचा अर्थ तराजूपुरता लावला जातो. शेटजींच्या दुकानातील काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी नेमाने लागतो आणि गिऱ्हाइकाला दोन दाणे जास्तच जातात. जमिनीच्या मापाची आठवण त्या शब्दावरून कधी झाली नव्हती. पुढे दिग्व्रताचे अतिचार आले. मर्यादा घालून घेतल्यावर क्षेत्र वाढवणे हा त्यांतला एक, क्षेत्रवृद्धी. आणि त्याला लागूनच स्मृत्यन्तराधान: घातलेली मर्यादा विसरणे. दिग्व्रत हे जाण्यायेण्याच्या दिशांविषयी आहे, भूखंडाच्या हद्दीविषयी नाही, हे शेटजी जाणून होते. पंडितांनी तसा अर्थ लावलेलाही नव्हता. पण विसरण्याला सूत्रकारांनी दोषांत गणले आहे, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. आजवर ते विसरलेले नव्हते, त्यांना माहीतच नव्हते. नकाशा कपाटात राहिला तर मात्र ते विसरणे ठरणार होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुदतीचा कायदा अनीतीचा नाही. जुने दावे कधीतरी संपावेत, माणसांना निर्धास्त झोपता यावे, यासाठी तो आहे, आणि त्याचा आधार घेणारा प्रत्येक जण चोर नव्हे. परंतु दावा लावण्याची मुदत संपणे आणि न दिलेली वस्तू दिलेली होणे, या दोन गोष्टी श्रावकाच्या लेखी एक होत नाहीत. अदत्त ते अदत्तच राहते. मुलाला हा भेद कळत नव्हता असे नाही. त्याचा प्रश्न एवढाच होता, की हा भेद पाळण्याचा खर्च कोणी सोसायचा.

खर्च सोसावा लागलाच. भाद्रपद वद्य प्रतिपदेला, क्षमावाणीच्या दिवशी, शेटजी एकटेच नकाशाची प्रत घेऊन पलीकडे गेले. आधी नोटिशीबद्दल त्यांनी हात जोडून क्षमा मागितली आणि मग नकाशा उलगडून मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. फिटर बराच वेळ त्या रेषांकडे पाहत राहिला. “मीच तं विटा देल्ल्या होत्या,” तो हसत म्हणाला. “राहू द्या शेटजी. अकरा इंचाचं मी काय करू?”

हे येथे संपले असते तर सांगण्यासारखे फार काही उरले नसते. फिटरचा मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी शेटजींचा मुलगा पत्रा कापण्याविषयी बोलायला गेला तेव्हा तो म्हणाला, “काकाजींनीच सांगतलं, भिंत आमच्या जागेत हाये. मंग माह्या पत्र्याचं काहून बोलता?” म्हणणे तर्काला धरून नव्हते, भिंत मागच्या टोकाला शिरली होती आणि पाणी साऱ्या तीस फुटांवर पडत होते. पण त्याच्या हातात ते शस्त्र शेटजींनीच दिले होते, आणि मुलाने घरी येऊन तसे बोलूनही दाखवले. पत्रा तसाच राहिला. परतीचा पाऊस त्या वर्षी लांबला. भिंतीलगतची सतरा पोती हरभरा भुंग्याने धरला. धुरी न देण्याचा निर्णय कायम राहिला. पोती विकलीही गेली नाहीत. त्यांचे नुकसान खतावणीत सरळ मांडले गेले. मुलाने एका शब्दानेही वडिलांना दोष दिला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते, असे शेटजी नंतर पत्नीला म्हणाले.

नवरात्रात कोराडीचा रस्ता देवीच्या दर्शनार्थींनी भरून जातो. त्या गर्दीत फिटरच्या नातीला ताप आला, आणि रात्री नागपूरच्या दवाखान्यात न्यायला शेटजींच्या मुलाची गाडी तेवढी हाताशी होती. त्याने विचारल्याशिवाय गाडी काढली. यावरून काही निष्कर्ष काढू नये. शेजारी असे करतातच, आणि आधीच्या भांडणात असतानाही त्याने तेच केले असते. पण त्यानंतरच्या रविवारी सकाळी भिंतीपलीकडून पत्रा कापण्याचा आवाज आला. फिटरच्या मुलाने कड दीड फूट मागे घेतली आणि खाली जस्ताची पन्हाळ जोडली. ती त्याने स्वतः वळवली होती आणि तिचे पाणी आपल्याच अंगणातील खड्ड्यात सोडले होते. जस्ताच्या पत्र्याचे पैसे शेटजींच्या मुलाने देऊ केले. त्याने अर्धे घेतले. पाहणाऱ्याच्या मनात आले असेल ते असेल, पण काम उत्तम झाले होते. सांध्यातून थेंब गळत नाही.

शेडच्या परवानगीचा प्रश्न मात्र तसाच आहे. दसऱ्यानंतर फिटरचा मुलगा एक छापील कागद घेऊन आला. बांधकाम नियमित करून घेण्यासाठी कोणी सल्लागाराने त्याला लगतच्या भूधारकाचे ना-हरकत पत्र आणायला सांगितले होते. मजकुरात लिहिले होते, की दोन्ही बांधकामांमध्ये नियमाप्रमाणे अंतर सोडलेले आहे आणि त्याबद्दल सही करणाऱ्याची हरकत नाही. शेटजींना हरकत नव्हती. अंतर सोडलेले नव्हते. अचौर्याच्या आधी सत्याणुव्रत येते आणि त्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, खोटा लेख तयार करणे. त्यांनी सही केली नाही. त्याऐवजी दुसऱ्या कागदावर त्यांनी जे खरे होते ते लिहून दिले: पत्रा आता आमच्या भिंतीवर येत नाही, पाणी पडत नाही, आणि गोदामाची भिंत मागील कोपऱ्यात शेजाऱ्यांच्या जागेत अकरा इंच आहे. फिटरच्या मुलाने तो कागद वाचला, घडी घातला आणि म्हणाला, “काकाजी, ह्याचा काही उपयोग नाही.” ते खरेच होते. तो रागावून गेला नाही, पण पुढचे काही दिवस कारखान्यातून येणारा नेहमीचा ‘जय जिनेंद्र काकाजी’ ऐकू आला नाही. शेटजींच्या मुलाने मात्र प्राधिकरणाकडे तक्रार केली नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या लाकडी फळ्यांपासून दूर राहाव्यात म्हणून त्याने आपल्या बाजूने वरचा झरोका विटांनी बुजवून घेतला. एवढी सावधगिरी तो आता नोटिशीवाचून घेतो.

आश्विन अमावास्येला पहाटे निर्वाणलाडू चढवून झाला आणि वीर निर्वाण संवत 2552 च्या वह्यांचे पूजन झाले. हिशेब आता सून टॅलीवर ठेवते. शेटजी तरीही एक लाल वही प्रथेने लिहितात. पहिल्या पानावर स्वस्तिक काढून झाल्यावर त्यांनी फिटरच्या नावाचे खाते उघडायला सांगितले. त्या घराशी आजवर उधारीचा व्यवहार कधी झाला नव्हता, म्हणून खातेच नव्हते. काय लिहू, असे सुनेने विचारले. शेटजी म्हणाले, जमा बाजूला लिही: मागील कोपऱ्यातील जागा, पावणेचौदा चौरस फूट, नवीन गोदाम बांधताना परत करणे.

“आणि दर?” तिने विचारले.

फिटरने राहू द्या म्हटले होते आणि त्याच्या मुलाने म्हटले नव्हते. शेटजींनी थोडा विचार केला व लेखणी मुलाच्या हाती दिली. मुलाने ओळ पूर्ण लिहिली, आकडा घातला, तारीख घातली आणि दराचा रकाना रिकामा ठेवून पान उलटले.